शिस्तीची निवड आणि कृतज्ञ निवेदक : नाशिक परिसराशी निगडित तीन आत्मपर ग्रंथांचा चिकित्सक विचार

सारांश

लहान मुलांना शिस्त लावण्याचा मार्ग पालक आपल्या स्वभावानुसार किंवा संस्कारांनुसार निवडतात, असे मराठीत सामान्यतः मानले जाते. साने गुरुजींचे 'श्यामची आई', लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आणि नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' या तीन ग्रंथांचे बारकाईने वाचन केल्यास ही समजूत अपुरी ठरते. हाताशी असलेला वेळ, पाहणारे लोक आणि मनात दडलेली भीती या तीन गोष्टी शिस्तीचा मार्ग ठरवितात, असे या ग्रंथांवरून दिसून येते. मोठेपणी व्यक्त झालेली कृतज्ञता ही बालपणीच्या माराची साक्ष म्हणून ग्राह्य धरता येईल काय, हा प्रश्नही प्रस्तुत लेखात तपासला आहे.

बीजशब्द : शिस्त, पालकत्व, संस्कार, शारीरिक शिक्षा, निवेदक, लोकलज्जा.

प्रस्तावना

मुलाला वळण कसे लावावे, हा प्रश्न मराठी समाजात बहुधा 'संस्कार' या एकाच शब्दाखाली विचारला जातो. 'आईचे संस्कार', 'घरचे वळण' हे शब्दप्रयोग पालकांच्या ठायी एक स्थिर वृत्ती गृहीत धरतात. आई मायाळू असेल तर ती समजावते, बाप तापट असेल तर तो मारतो, असे हे साधे गणित आहे. प्रत्यक्षात एकच आई सकाळी समजावते, दुपारी धपाटा घालते आणि रात्री त्याच मुलाच्या पाठीवरून हात फिरवते. तिचा स्वभाव दिवसातून तीनदा बदलत नाही. बदलते ती परिस्थिती. तेव्हा 'पालक कसे आहेत' या प्रश्नाइतकाच 'पालक एखादा मार्ग केव्हा निवडतात' हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

मराठी साहित्यसमीक्षेने या दुसऱ्या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आत्मपर लेखनातील आई-वडिलांची चित्रे भक्तिभावाने वाचली गेली किंवा सामाजिक इतिहासाची साधने म्हणून वापरली गेली. शिस्तीचा प्रसंग हा निर्णयाचा क्षण असतो आणि त्या क्षणी पालकासमोर एकाहून अधिक वाटा खुल्या असतात, या दृष्टीने हे वाचन क्वचितच झाले. त्या दृष्टीने येथे तीन ग्रंथ घेतले आहेत. तिघांचेही नाशिक परिसराशी नाते आहे. 'श्यामची आई'चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात लिहिला गेला. 'स्मृतिचित्रे'ची लेखिका नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मली. 'आमचा बाप आन् आम्ही'मधील बाप हा नाशिक जिल्ह्यातील ओझरचा. कोकणस्थ ब्राह्मण कुटुंब, पुढे ख्रिस्ती झालेली लेखिका आणि आंबेडकरी चळवळीत घडलेला दलित कामगार असा या ग्रंथांचा सामाजिक पैस आहे.

सिन्नरचा संदर्भ

हे वाचन ज्या वर्गात व्हावयाचे, तो वर्ग कोठे भरतो याचाही विचार करणे आवश्यक आहे. सिन्नर हे नाशिक-पुणे मार्गावरील तालुक्याचे ठिकाण. यादवकालीन गोंदेश्वर मंदिरामुळे त्याची ओळख अभ्यासकांना आहे. तालुक्याचा पूर्वभाग पर्जन्यछायेचा, शेती पावसावर अवलंबून. माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे येथे कारखान्यातील पाळीचे जीवन आले. त्याही आधीपासून सिन्नरची ख्याती विडी-उद्योगासाठी होती. विडी वळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांचे आणि ते मोठ्या प्रमाणावर घरी चालणारे. त्याची मजुरी हजार विड्यांमागे ठरते.

या शेवटच्या तपशिलाचा शिस्तीशी थेट संबंध आहे. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पाने घेऊन बसलेल्या बाईचे मूल तिच्या शेजारीच खेळत असते. त्याने पानांत हात घातला तर तिच्यासमोर दोन मार्ग असतात. हात थांबवून त्याला जवळ घ्यावे, समजवावे, दुसरे काही खेळावयास द्यावे, हा एक. दुसरा, एक चापट. पहिल्या मार्गात वेळ जातो आणि नगावर मजुरी मिळविणाऱ्या बाईचा वेळ म्हणजे न वळलेल्या विड्या. दुसऱ्या मार्गात काम थांबत नाही. समजावणी महाग आणि चापट स्वस्त, असा हा हिशेब आहे. तो ती मनात मांडत नाही. तिचे हात मांडतात. त्याचप्रमाणे रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या बापाला दिवसा झोप हवी असते. एका खोलीच्या घरात मुलांनी आवाज न करणे हा तेथील पहिला नियम होतो आणि त्या नियमाचे मूळ कारखान्याच्या वेळापत्रकात असते. बालमानसशास्त्राची पाठ्यपुस्तके ज्यास 'हुकूमशाही पालकत्व' म्हणतात, त्याचा काही भाग असा घराबाहेर तयार होतो. ही जाणीव मनात ठेवून तीन ग्रंथांकडे वळता येईल.

'श्यामची आई' : एकाच आईचे तीन मार्ग

१९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले 'श्यामची आई' हे मराठीतील पालकत्वाचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक म्हणता येईल. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले आणि पुस्तक न वाचलेल्या घरांतही ही आई पोहोचली. ती ज्या रूपात पोहोचली ते रूप एकजिनसी आहे : सोशिक, प्रेमळ, उदात्त. ग्रंथात मात्र या आईचे शिस्तीचे मार्ग प्रसंगागणिक बदलतात.

'थोर अश्रू' या प्रकरणात स्नान झालेल्या लहान श्यामला ओल्या पायांना माती लागू द्यायची नाही. आई त्याचा हट्ट पुरविते. स्वतःचे वस्त्र पायांखाली पसरते आणि मग पायांइतकीच मनाच्या स्वच्छतेची काळजी घेण्यास सांगते. येथे हट्ट मोडलेला नाही. तोच शिकवणुकीचा विषय झाला आहे. असे करण्यास आईपाशी दोन गोष्टी होत्या. एक, निवांत क्षण; दुसरी, एकान्त. अंगणात आई आणि मूल यांच्याशिवाय तिसरे कोणी पाहणारे नव्हते.

'मोठा होण्यासाठी चोरी' या प्रकरणात अपराध कितीतरी मोठा आहे. पुस्तकाच्या मोहाने श्याम घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे घेतो. परंतु त्याच्या तोंडून सत्य बाहेर पडते ते आईच्या विश्वासामुळे, छडीमुळे नव्हे. आपला मुलगा असे करणार नाही, हा तिचा भरवसाच त्याला असह्य होतो. चोरीसारख्या अपराधाला मार नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

याउलट 'श्यामचे पोहणे' या प्रकरणात अपराध म्हणावा असा काही नाहीच. मुलगा विहिरीत उतरण्यास भितो आणि घरात लपून बसतो. येथे मात्र तीच आई हातात शिंपटी घेते, त्याला बाहेर काढते, मारते. नंतर ती स्वतःच व्यथित होते, त्याला जवळ घेते, खाऊ घालते आणि आपण असे का केले ते सांगते. लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये, ही तिची चिंता होती.

ही तीन प्रकरणे एकत्र ठेवली की एक विसंगती समोर येते. शिक्षेची तीव्रता अपराधाच्या तीव्रतेशी जुळत नाही. चोरीला विश्वास आणि भीतीला मार, असा हा उलटा क्रम आहे. तो आईच्या स्वभावावरून उलगडत नाही. तो उलगडतो साक्षीदारांवरून. पोहण्याचा प्रसंग गावाच्या नजरेसमोर घडतो. बरोबरीची मुले विहिरीवर गेली आहेत, श्याम लपला आहे, आणि त्याच्या भित्रेपणाची चर्चा होणार आहे. मुलाच्या वर्तनाचा न्यायनिवाडा घराबाहेर होऊ लागला की पालकाचा हात अधिक लवकर उठतो. 'लोक काय म्हणतील' या वाक्याचे वजन मुलाच्या पाठीवर पडते. चोरीचा प्रसंगही घरातच, आई व मुलगा यांच्यात उलगडतो. म्हणून तेथे विश्वासाला जागा राहते.

'पत्रावळ' या प्रकरणात आणखी एक मार्ग दिसतो. पत्रावळ लावता येत नाही म्हणून श्यामला बोल बसतो आणि तो बोल मनाला लागल्यामुळे तो ती कला शिकतो. लाजेतून शिक्षण, असा हा प्रकार. तो शारीरिक शिक्षेहून सौम्य वाटतो. तथापि तो यशस्वी होतो याचे कारण, लाजेच्या पाठोपाठ शिकण्याची वाट मोकळी असते. पाने घरात आहेत, शिकविणारे घरातच आहेत, आणि जमल्यावर कौतुकही होणार आहे. वाट नसलेली लाज मुलाला फक्त लहान करते. हा भेद ग्रंथात आहे. ग्रंथाच्या अनुकरणात तो बहुधा गळून पडतो.

कृतज्ञ निवेदकाचा प्रश्न

'श्यामची आई'ची रचना येथे विचारात घ्यावी लागते. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. सांगणारा मोठा झालेला आहे, आई या जगात नाही, आणि सांगण्याचा हेतू तिचे ऋण व्यक्त करणे हा आहे. साने गुरुजींच्या स्वतःच्या आईचे निधन १९१७ मध्ये झाले होते. पुस्तक त्यानंतर सोळा वर्षांनी लिहिले गेले. म्हणजे वाचकासमोर येणारा मार हा शोकातून आणि भक्तीतून गाळून आलेला मार आहे.

याचा परिणाम असा होतो की, शिंपटीचा वळ उठण्यापूर्वीच वाचकाला त्याचा अर्थ ठाऊक असतो. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला मात्र तो ठाऊक नसतो. त्याला केवळ पाणी दिसते, मागे आई दिसते, आणि दोन्हींची भीती वाटते. या मुलाचा स्वर ग्रंथात क्षणभर उमटतो आणि लगेच प्रौढ निवेदक त्याच्या वतीने बोलू लागतो. 'मला मारले म्हणून मी घडलो' हे विधान अशा रीतीने तयार होते. ते विधान असत्य आहे असे नव्हे. परंतु ते एका विशिष्ट साक्षीदाराचे आहे. जो घडला तोच ते करू शकतो. जो मारामुळे मिटून गेला, घरातून निघून गेला किंवा पुढे आपल्या मुलांना मारू लागला, त्याने आठवणी सांगण्यासाठी ४२ रात्री कोणी जागवल्या नाहीत.

शिवाय श्याम पाण्याला सरावला तो कशामुळे, हाही प्रश्न राहतो. शिंपटीने त्याला विहिरीपर्यंत नेले. पाण्यात त्याला सांभाळणारे हात दुसरेच होते. आणि मनातला सल काढला तो आईच्या नंतरच्या बोलण्याने. प्रसंगाची परिणामकारकता या तिन्हींमध्ये विभागलेली असताना तिचे श्रेय एकट्या माराला देणे, ही वाचनातील चूक आहे. पालकसभांतून व भाषणांतून 'श्यामच्या आईनेसुद्धा मारले होते' असे जे सांगितले जाते, त्यात प्रसंगाचा पूर्वार्ध उचललेला असतो. उत्तरार्धातील आईची व्यथा आणि तिने मुलाला दिलेले स्पष्टीकरण मागेच राहते. मारून झाल्यावर आई आपल्या कृतीचे कारण मुलाला सांगते, याचा अर्थ तिलाही ती कृती स्वयंसिद्ध वाटत नव्हती. आजच्या निकषांवर जुन्या ग्रंथाला तोलल्याचा आक्षेप येथे टिकत नाही. कारण हा निकष ग्रंथातच आहे.

'स्मृतिचित्रे' : वारशाने आलेली भीती

१९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त शिस्तीचे निराळे चित्र दिसते. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांना सोवळ्याचे वेड होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यावयाचा नाही, असा नियम. आणि तो धुता येण्याजोगा आहे की नाही, याचा विचारही नाही. या नियमाचे मूळ लक्ष्मीबाई एका आघातात शोधतात. नानांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर हे वेड जडले. तो काळ या परिसराला भयाचा होता. भागोजी नाईक यांच्या भिल्ल तुकडीशी सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे ४ ऑक्टोबर १८५७ रोजी झालेल्या चकमकीत हेन्री हा इंग्रज पोलीस अधिकारी मारला गेला होता. अशा काळात बसलेला घरचा आघात पुढे चुलीपाशी नियमाच्या रूपाने स्थिरावला.

येथे शिस्तीची निवड मुलांच्या वर्तनावरून झालेलीच नाही. मुलांनी काही चुकीचे केले म्हणून नियम आले नाहीत; मोठ्यांच्या मनातील भीतीला आवर घालण्यासाठी ते आले आणि मुले त्यांत वाढली. आजही घराघरांत असे नियम आढळतात. अमुक गल्लीत खेळू नकोस, अमक्याच्या घरी पाणी पिऊ नकोस, अंधार पडल्यावर बाहेर राहू नकोस. यांपैकी काहींमागे खरी धोक्याची जाणीव असते, काहींमागे जातीची भीती असते, काहींमागे कोणाच्या तरी जुन्या दुःखाची सावली असते. मुलाला मात्र तिन्ही नियम एकाच धाकाने पाळावे लागतात.

लक्ष्मीबाईंचे निवेदन साने गुरुजींच्या निवेदनाहून वेगळे आहे. त्या वडिलांविषयी कडवट होत नाहीत. पण त्यांच्या नियमांना पवित्रही करीत नाहीत. विनोद हे त्यांचे साधन आहे. नियमातील विसंगती हसत दाखविल्यामुळे वडील माणूस म्हणून उरतात आणि नियम मात्र उघडा पडतो. पुढे ख्रिस्ती झालेल्या पतीबरोबरच्या जीवनात जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचारानेच उमगते आणि स्पर्शास्पर्शाचे बंधन त्या टाकून देतात. बालपणीच्या शिस्तीविषयी प्रेम राखूनही ती शिस्त नाकारता येते, याचे हे मराठीतील लक्षणीय उदाहरण होय. कृतज्ञता आणि समर्थन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे 'श्यामची आई' वाचताना सुटलेले सूत्र येथे हाती लागते.

'आमचा बाप आन् आम्ही' : अपेक्षेची शिस्त

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमचा बाप आन् आम्ही' या ग्रंथात दामोदर जाधव हे ओझरचे. गावकीच्या कामात सरकारी माणसाकडून झालेला अपमान आणि मारहाण सोसून ते मुंबईस गेले, कामगार झाले, आणि आंबेडकरी चळवळीत सामील झाले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला, त्यातही त्यांचा सहभाग होता. ज्या माणसाला प्रौढ वयात इतरांच्या हातचा मार खावा लागला, त्याच्या घरात शिस्तीला कोणता अर्थ येतो, हा प्रश्न येथे कळीचा आहे.

या बापाचे मुख्य साधन अपेक्षा हे आहे. मुलाने कोणता मार्ग घ्यावा ते मुलाने ठरवावे. परंतु जे करील त्यात त्याने अग्रस्थान गाठावे, असा त्याचा आग्रह. वरवर पाहता हे स्वातंत्र्य आहे. बारकाईने पाहता हा एक प्रखर दाबही आहे. कारण 'अग्रस्थान' या शब्दाला शेवट नाही. तथापि या दाबाची जात निराळी आहे. ब्राह्मण गृहस्थाच्या घरातील शिस्त गावाच्या नजरेत उतरू नये म्हणून असते. येथे ज्या गावाने माणूस म्हणूनच मोजले नाही, त्याच्या नजरेला उत्तर देण्यासाठी शिस्त आहे. साक्षीदार दोन्हीकडे आहेत. एकीकडे त्यांची मर्जी राखावयाची आहे. दुसरीकडे त्यांचा निकाल फिरवावयाचा आहे.

या ग्रंथाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे बापाचे कथन आणि मुलांचे कथन यांना शेजारीशेजारी मिळालेले स्थान. 'श्यामची आई'त आई स्वतः बोलत नाही. तिच्याविषयी बोलले जाते. येथे शिस्त लावणारा स्वतःची हकिगत सांगतो. त्यामुळे कोणत्या अपमानातून कोणता आग्रह जन्मला, हे वाचकाला ताडून पाहता येते. शिस्तीच्या चर्चेत पालकाच्या पूर्वायुष्यालाही जागा हवी, हे या रचनेने सिद्ध होते.

संशोधन आणि कायदा

साहित्यातून निघालेल्या या निष्कर्षांची सामाजिक शास्त्रांतील निष्कर्षांशी तुलना उपयुक्त ठरते. डायना बॉमरिंड यांनी १९६६ मध्ये पालकत्वाचे हुकूमशाही, अनुज्ञ आणि अधिकारयुक्त असे तीन प्रकार मांडले. १९८३ मध्ये मॅकोबी व मार्टिन यांनी त्यांत दुर्लक्षाच्या चौथ्या प्रकाराची भर घातली. आपल्याकडील अध्यापक महाविद्यालयांतून हे वर्गीकरण दीर्घकाळ शिकविले जात आहे. त्याचा गुण सुटसुटीतपणा हा आहे आणि दोषही तोच आहे. श्यामच्या आईला या चौकटीत बसवावयाचे तर ती एका प्रकरणात एका रकान्यात आणि दुसऱ्या प्रकरणात दुसऱ्या रकान्यात जाते.

माराच्या परिणामांबाबत मात्र संशोधनाचा कौल बराच स्पष्ट आहे. एलिझाबेथ गेर्शॉफ व अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांतील १,६०,९२७ मुलांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. मुलांना चापट मारण्याचा संबंध आक्रमकता, समाजविघातक वर्तन, मानसिक अडचणी आणि पालकांशी दुरावलेले नाते यांच्याशी आढळला. 'आपल्या संस्कृतीत हे चालते' हा आक्षेपही तपासला गेला आहे. जेनिफर लॅन्सफर्ड व सहकाऱ्यांच्या २००५ मधील सहा देशांच्या अभ्यासात भारताचा समावेश होता. जेथे मार सर्वसामान्य मानला जातो तेथे त्याचा मुलांच्या आक्रमकतेशी व चिंतेशी असलेला संबंध सौम्य होतो, पण नाहीसा होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

भारतातील व्याप्ती केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून कळते. महाराष्ट्रासह १३ राज्यांत झालेल्या या अभ्यासात सुमारे ६९ टक्के मुलांनी शारीरिक मारहाण सोसल्याचे सांगितले. आणि कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आई-वडीलच होते.

कायद्याने या प्रश्नाचे दोन भाग केले आहेत. शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने केलेली क्रूरता हा गुन्हा आहे. परंतु घरातल्या नित्याच्या चापटीला स्पष्ट मनाई करणारा कायदा नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ मधील तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २७ म्हणून कायम आहे. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला ती, काही मर्यादांसह, संरक्षण देते. स्वीडनने १९७९ मध्येच घरातील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली होती. आपल्याकडे शिक्षकाच्या हातातील छडी कायद्याने काढून घेतली आणि पालकाच्या हातातील 'सद्भावने'वर सोपविली. ही सद्भावना कशी ओळखावयाची, हे ठरविताना समाज ज्या प्रतिमांकडे पाहतो, त्यांत श्यामची आई अग्रभागी असते. म्हणून या ग्रंथाचे वाचन हा केवळ साहित्याचा प्रश्न राहत नाही.

एक दुर्लक्षित परंपरा

मराठीत माराविना शिस्तीची परंपरा नव्हती, असे मात्र नाही. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला कार्य केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी 'शिक्षणपत्रिके'च्या मराठी आवृत्तीतून पालकांना उद्देशून सातत्याने लेखन केले. शिक्षा आणि बक्षीस ही दोन्ही बाह्य आमिषे मुलाच्या स्वयंशिस्तीला बाधक ठरतात, ही माँटेसोरी विचारातील भूमिका त्यांनी मराठीत रुजविली. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी हे कार्य आदिवासी मुलांपर्यंत नेले. मुले बालवाडीत येऊ शकत नसतील तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, हा त्यांचा निर्णय प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आई कामावर असताना मुलाला सांभाळण्याची सोय झाली, तर आईचा हात उठण्याचे प्रसंगच कमी होतात. उपदेशाआधी सोय, असा हा क्रम आहे.

'श्यामची आई' आणि 'शिक्षणपत्रिका' यांचा काळ जवळपास एकच. एक घरोघर पोहोचले; दुसरी शिक्षणशास्त्राच्या वर्तुळात राहिली. मराठी मनाने आईची प्रतिमा स्वीकारली आणि तिच्या श्रमांना हातभार लावणारी व्यवस्था मात्र सरकारी योजनेवर सोपविली.

निष्कर्ष

तिन्ही ग्रंथांच्या वाचनातून हाती येणाऱ्या गोष्टी अशा सांगता येतील. शिस्तीचा मार्ग पालकाच्या स्वभावाइतकाच त्याच्यापाशी असलेल्या वेळावर, पाहणाऱ्यांच्या नजरेवर आणि पूर्वीच्या आघातांवर ठरतो. अपराध मोठा म्हणून शिक्षा मोठी, हे समीकरण 'श्यामची आई'तही टिकत नाही. मोठ्या झालेल्या मुलाची कृतज्ञता ही प्रेमाची साक्ष आहे; माराच्या उपयुक्ततेची साक्ष म्हणून ती अपुरी आहे. लक्ष्मीबाईंनी दाखविल्याप्रमाणे वडिलांवर प्रेम ठेवून त्यांचा नियम सोडता येतो.

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने याचा अर्थ प्रत्यक्ष आहे. सिन्नरसारख्या ठिकाणी पदवीच्या वर्गात बसलेले विद्यार्थी काही वर्षांतच स्वतः पालक होणार आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी विडीचे सूप, पाळीची शिट्टी किंवा पावसाची वाट पाहणारी शेती आहे. 'श्यामची आई' शिकविताना त्यांना 'आईची थोरवी लिहा' असा प्रश्न विचारला, तर आपल्या घरातील आई त्या मानाने उणी, एवढेच उत्तर त्यांच्या मनात तयार होते. त्याऐवजी 'या प्रसंगी आईने हाच मार्ग का निवडला, दुसरा कोणता शक्य होता आणि त्यासाठी तिला काय मिळावयास हवे होते' असे विचारले, तर विद्यार्थी ग्रंथाकडे आणि स्वतःच्या घराकडे एकाच वेळी पाहू लागतो. त्यात आईचा अनादर नाही. ज्या वेळी तिच्या हाती शिंपटी आली त्या वेळी ती किती एकटी होती, हे त्याला प्रथमच दिसेल. आणि पुढे स्वतःचा हात उचलण्यापूर्वी थांबण्यास त्याच्याजवळ एक कारण असेल.